काठाची ड्यूटी

आमच्या चौकात बाराही महिने कुणाचा ना कुणाचा वाढदिवस असतो. म्हणजे फ्लेक्स असतो. मे महिन्यात त्यावरचे भाऊ, दादा आणि साहेब अमरावतीच्या उन्हात निपचित लटकलेले असतात. आषाढ लागला की एका सकाळी त्यांचे गाल फुगतात. मग पोट फुगतं. दुपारपर्यंत एखादे साहेब दोन दोऱ्या तोडून विजेच्या खांबाला मिठी मारून बसतात आणि खालच्या रांगेतले सगळे शुभेच्छुक फडफडायला लागतात. हवामान खात्याशी माझं काही वाकडं नाही, पण वारा आला हे मला आधी साहेबांच्या गालांवरून कळतं.

परवा ते गाल फुगले. मी कॉलेजातून येत होते. स्कूटी बाजूला घेऊन उभी राहिले. आता आनंद होईल म्हणून जरा थांबून पाहिलं. झाला नाही.

पावसाचं कौतुक सगळ्यांना असतं. आषाढातल्या वाऱ्याला वऱ्हाडात कोणी विचारत नाही. उलट शिव्या खातो तो. पेरण्या झालेल्या असतात, कपाशी दोन पानांवर आलेली असते, ढग येतात आणि हा वारा त्यांना थांबूच देत नाही. वलगावच्या पुढे रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी माणसं बांधावर उभी राहून आभाळाकडे बघत असतात, आणि त्यांच्या मधून आम्ही पाच-सात जण गाड्यांवर पोती बांधून वाऱ्याच्या आनंदात चाललेले असतो. सुरुवातीला ह्याची फार लाज वाटायची. हेल्मेट असूनही मी मान खाली घालून बसायची.

त्या पोत्यांत पतंग असतात. संक्रांतीचे नव्हेत. एका खोलीत मावणार नाही एवढे, कापडाचे, पुढच्या कडेला हवा भरायचे. माणसाच्या कमरेला पट्टा, पट्ट्याला दांडा, दांड्याला लांबच लांब चार दोऱ्या आणि दोऱ्यांच्या टोकाला हा पतंग. पायाखाली फळी. वारा पतंगाला ओढतो, पतंग माणसाला ओढतो आणि माणूस पाण्यावरून सरसर जातो. लोक हे समुद्रावर करतात. आम्ही धरणाच्या फुगवट्यात करतो. धरणाचं नाव मुद्दामच सांगत नाही. अंजनगावच्या बाजूला आहे एवढं पुरे; नाहीतर रविवारी भज्यांच्या गाड्या लागतील.

हे खूळ आणलं प्रवीणने. तो बडनेऱ्याला रेल्वेत आहे. पासवर आईला रामेश्वरला घेऊन गेला होता. आईचं दर्शन झालं, बावीस कुंडांचं स्नान झालं आणि ह्याने समुद्रावर माणसं उडताना पाहिली. मग हलेचना. आई लॉजच्या पायरीवर बसून ओरडत होती, ‘‘अरे बह्याडा, देवाच्या दारात येऊन पतंगा पाह्यतं?’’ परत येताना त्याच्याकडे एक जुना, ठिगळं लावलेला पतंग होता. तो त्याने क्वार्टरच्या गच्चीवर वाळत घातला तेव्हा शेजारच्यांनी खालून विचारलं, ‘‘कोनाचं लगन हाय बे?’’

गजाननभाऊ वलगावचे. काळीची शेती आहे, माणूस भारदस्त आहे, पण संक्रांत आली की तीन दिवस गच्चीवरून खाली उतरत नाहीत. त्यांना वाटलं, पतंगच तर आहे. आणि इथेच आम्हा वऱ्हाडी लोकांची हटकून चूक होते. पाण्यावरच्या पतंगाचं शास्त्र असं, की तोल गेला, ओढ वाढली, भीती वाटली की दांडा सोडायचा. सोडला की पतंगाचा जोर जातो. धरून आत ओढला की जोर वाढतो. पण ज्याने जन्मभर मांजा ओढलाय त्याचा हात अडचणीत सापडला की घट्ट होतो. पहिल्या दिवशी भाऊ पाण्यातून निघाले, गाळातून गेले, कुणाच्या तरी टरबुजाच्या जुन्या वाफ्यांतून गेले आणि बाभळीच्या झुडपात जाऊन थांबले. सगळा वेळ मी काठावरून ओरडत होते, ‘‘भाऊ, सोडा! सोडा!’’ आणि भाऊ दोन्ही हातांनी दांडा छातीशी धरून.

काटे काढताना म्हणाले, ‘‘वारं ओढून राहिलं तं आपन सोडाचं कावून? सोडली का गेली ना पतंग!’’

‘‘पण तुम्ही गेलात ना तिच्याबरोबर.’’

‘‘गेलो तं गेलो. पतंग तं हाय ना हातात.’’

मी ह्यात कशी आले हे सगळे विचारतात. मी फिजिक्स शिकवते, तेव्हा वाऱ्याचं गणित मला आवडलं असेल असं लोकांना वाटतं. गणितबिणित काही नाही. माझं घर असं आहे, की त्यात कुठल्याही खोलीत गेलं तरी पाठीमागून हाक येते. सासरे पूर्वी भिक्षुकी करायचे. अर्ध्या अमरावतीचे सत्यनारायण आणि वास्तुशांती त्यांनी केल्या. अर्धांगाचा झटका आल्यापासून ते पलंगावर आहेत. नवरा अकोल्याच्या कोर्टात वकिली करतो, सकाळी बडनेऱ्याहून गाडी धरतो, रात्री येतो. सासऱ्यांना पाणी लागतं, कूस बदलायला माणूस लागतं, आणि बऱ्याचदा काहीच लागत नाही, नुसतं कोणी आहे ना एवढं बघायचं असतं. त्यांच्याइतकं अडकलेलं माणूस घरात असताना मी अडकले असं म्हणायचीही चोरी. रविवारी नणंद येऊन बसते. तो एक दिवस माझा.

पहिल्यांदा पाण्यावर नीट उभी राहिले तो दिवस मला कपड्यांसकट आठवतो. जुनी कॉटनची सलवार, नवऱ्याचा पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट. चार वेळा नाकातोंडात पाणी गेलं. पाचव्यांदा फळी पाण्याच्या वर आली आणि राहिली. मागे काठ लहान होत गेला. प्रवीण काहीतरी ओरडत होता, पण वारा त्याच्याकडून माझ्याकडे नव्हता, त्यामुळे ऐकू येत नव्हतं. बाप रे, काय सुख होतं ते! कुणीतरी हाक मारतंय आणि ती मला ऐकू येत नाही. मी पाण्यावर मोठ्याने हसले होते.

त्या संध्याकाळी सासऱ्यांना जेवू घालताना ते अर्ध्या तोंडाने म्हणाले, ‘‘पाण्यावर जाऊन काय करता?’’

‘‘काही नाही,’’ मी म्हटलं.

‘‘मग बरं,’’ ते म्हणाले आणि पुढचा घास घेतला.

मंडळाची नोंदणी करताना नवऱ्याने नावात ‘व सेवा’ हे शब्द घातले. वऱ्हाड जलपतंग क्रीडा व सेवा मंडळ. नुसतं क्रीडा बरं दिसत नाही म्हणाला. आम्ही हसलो. सेवा कसली, आम्ही पतंग उडवणारी माणसं. पुढच्याच गणपतीत विसर्जनाला दोन पोरं खोल पाण्यात गेली आणि योगायोगाने प्रवीण आणि गजाननभाऊ तिथे हंगाम संपलेले पतंग ठेवणीत टाकण्याआधी धुऊन वाळवत होते. दोघांनाही त्यांनी बाहेर काढलं. पोरं जगली. गावाने शाल-श्रीफळ दिलं, फोटो काढले, आणि त्या दिवसापासून आम्ही पतंगवाले राहिलो नाही. पोलीस पाटलाकडे आमचा नंबर गेला. तिथून तहसिलीत. मग कुणीतरी जुनी मोटरबोट दिली, कुणी जॅकेटं दिली, आणि देणाऱ्याने दिल्यावर घेणाऱ्याला नाही कसं म्हणता येईल? आम्ही शाळेतल्या पोरांना तेलाचे रिकामे डबे पोटाशी बांधून तरंगायला शिकवू लागलो. धुणं धुणाऱ्या बायांना बुडणाऱ्याच्या मागे उडी न मारता लुगडं कसं फेकायचं ते दाखवू लागलो. हे काम चांगलं आहे. ते मला कळतं. त्या शिकवण्याने दोन-चार घरांतले दिवे लागलेले राहिले असतील, त्याचा मला अभिमानही आहे. पण मला हे नको होतं. मला वारा हवा होता.

आणि मला मिळाला काठ. ह्या खेळात काठावर एक माणूस लागतंच. पतंग वाऱ्यात धरून सोडायला आणि येताना पकडून उतरवायला. एकट्याने ते करायला गेलं की हाडं मोडतात. म्हणून आमचा एकच नियम, शेवटचा पतंग उतरल्याशिवाय काठ सोडायचा नाही. हे काम आळीपाळीने करायचं ठरलं होतं. पण माझा आवाज वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. शिट्टी मारली की गर्दी मागे सरकते. ओल्या पोरांना, रडणाऱ्या बायांना, फोटो काढायला आलेल्या टग्यांना मी जागेवर बसवू शकते. हळूहळू सगळे म्हणायला लागले, ताई काठावर असल्या की जिवाला घोर नसतो. हे ऐकून मी काय खूश झाले होते! तेव्हा कळलं नाही की आपल्या गळ्यात काय पडतंय.

एक दुपार मनातून जात नाही. एका माणसाला पाण्याने नेलं होतं. बोट पाण्यावर गोल फिरत होती, प्रवीण गळ टाकून तळ शोधत होता. त्या माणसाची बायको माझ्याजवळ बसली होती. माझ्या वयाची. तिने माझं मनगट धरलं. मी तिला म्हटलं, जरा पाणी घेऊन येते तुमच्यासाठी. तर म्हणाली, ‘‘नका जाऊ, मॅडम. तुमी हालल्या तं हे सारे लोकं पान्यातून निंघून जातीन.’’ खरं तर कोणी जाणार नव्हतं. पण मी हलले नाही. दिवस मावळायला तो सापडला. तेव्हा तिने हात सोडला, आणि माझ्या मनगटावर तिच्या बांगड्यांचे वळ होते. त्यानंतर लागोपाठ तीन आषाढ मी पाण्यावर गेले नाही. म्हणजे जायचं नाही असं ठरवलं नव्हतं. दर रविवारी जायचंच होतं.

आमचा हंगाम फार लहान असतो. मृगात धरण तळाला गेलेलं असतं, पाणी हटून मोकळी पसरट जमीन उघडी पडलेली असते. दोऱ्या अंथरायला तीच जागा. पाऊस धरला की पाणी रोज थोडं थोडं वर येतं, ती जमीन गिळतं आणि एक दिवस बाभळींना टेकतं. बाभळींना पाणी लागलं की पतंग सोडायला जागा राहत नाही. संपलं. मग पुढच्या वर्षी.

गेल्या वर्षी मी नवऱ्याला सांगितलं होतं, ‘‘ह्या हंगामात एकदा तरी पाण्यावर गेले नाही, तर मी मंडळ सोडणार.’’

तो फाइलमधून मान वर न करता म्हणाला, ‘‘तू? आणि सोडणार?’’

मला इतका राग आला की कुकरची शिट्टी होईपर्यंत बोलले नाही. पण ठरवलं ते ठरवलं. पहिल्या रविवारी वारा होता, तर सासऱ्यांना ताप. दुसऱ्या रविवारी शाळेची पोरं डबे घेऊन हजर. मग एकदा कुणी बुडाल्याचा फोन, एकदा वाराच नाही, एकदा कुणाचे तरी साहेब बोट बघायला येणार म्हणून आम्ही स्वच्छ टी-शर्ट घालून उभे. पाणी बाभळींच्या जवळ येत चाललं होतं. मी दर वेळी पट्टा डिकीत घेऊन जायची आणि कोरडा परत आणायची.

तिथे भोई वस्तीतली सुमनबाई रोज असते. ट्रॅक्टरच्या ट्यूबवर फळी बांधून ती पाण्यात जाते, जाळं टाकते, काढते. आमचं काय चालतं ते तिला पहिल्यापासून पटलेलं नाही. ‘‘मासोया नाई, झिंगे नाई, मंग पान्यात जाता कायले?’’ असं तिने पहिल्याच वर्षी विचारलं होतं. माझा पट्टा कोरडा परत जातो हे मात्र तिने बरोबर पाहिलेलं. शेवटच्या रविवारी तिनेच प्रवीणला टोकलं, ‘‘भाऊ, ह्या बाईले जाऊ दे ना एकखेप.’’

प्रवीण शरमला. ‘‘ताई, आज तुमीच जा. मी धरतो पतंग.’’

मी पट्टा बांधला. न वापरून तो कडक झाला होता, आवळता येईना. गजाननभाऊंनी पाठीमागून आवळून दिला. शिट्टी गळ्यातून काढून प्रवीणच्या हातात दिली तेव्हा गळ्याला वारा लागला, आणि किती दिवसांत तिथे वारा लागला नव्हता असं वाटलं. पतंग वर गेला. फळी वर आली. पाय विसरले नव्हते! काठ लहान झाला, बाभळी लहान झाल्या, पलीकडे मेळघाटचे डोंगर निळे दिसत होते. मी ओरडत होते. काय ते आठवत नाही, बहुतेक नुसतंच ओरडत होते. मी एक फेरी मारली, दुसरी मारली. तिसऱ्या फेरीला डोंगरावरचा काळा ढग डोक्यावर आला आणि वारा पडला.

एकदम पडला. पतंग आभाळातून ओल्या चादरीसारखा खाली आला. मी पाण्यात, जॅकेटमुळे तरंगत, चारही दोऱ्या सैल. ह्यात घाबरण्यासारखं काही नसतं. दोऱ्या गुंडाळायच्या, पतंगाला धरून राहायचं, बोट येते. मी दोऱ्या गुंडाळल्या आणि काठाकडे पाहिलं. बोट नव्हती. प्रवीण नव्हता. गाड्याही नव्हत्या. काठ मोकळा होता.

आधी भीती वाटली. मग असा संताप आला की काय सांगू. एकच नियम होता आमचा! आणि तो माझ्याच वेळेला मोडला. इतकी वर्षं मी उन्हात, चिखलात, रडारडीत तो काठ सोडला नाही, आणि माझा एक पतंग पाण्यावर असताना ह्यांना थांबता आलं नाही? मी भर पाण्यात एकटी त्या सगळ्यांना नाव घेऊन बोल लावत होते. बोलून संपलं. मग चौफेर शांत झालं. पावसाचे थेंब पतंगाच्या कापडावर टपटपत होते. मी आडवी होऊन त्या फुगलेल्या कडेवर डोकं टेकवलं. फोन नाही, शिट्टी नाही, हाक नाही. कोणी हाक मारली असती तरी मला जाताच आलं नसतं. आणि मला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं. डोळे मिटून मी बराच वेळ तशीच पडून होते.

‘‘मॅडम, झोपल्या का काय?’’

सुमनबाई ट्यूबवर बसून हातातल्या लाकडी पाटीने पाणी सारत आली होती.

‘‘सगळे कुठे गेले?’’

‘‘नाल्यावर. रपट्याच्या पुलावर पानी चढलं म्हनते. टेम्पो फसला, मानसं टपावर चढले. फोन आला तं प्रवीणभाऊ तुमाले शिट्टी मारून बलावत होता. मीच म्हनलं, नको बलावू. लय दिसानं गेली बाई. जा तुमी, मी हावो ना इथं.’’

‘‘तुम्ही होतात काठावर?’’

‘‘मंग? तुमी रविवारच्या. आमी तं रोजच्याच हावो.’’ तिने पतंगाची एक कड ट्यूबला बांधली. मग माझ्याकडे पाहिलं. ‘‘घाई हाय का? नसन तं ऱ्हा अशाच पडून. तवरक मी जाळं पायतो. कोनी बलावत नाई तुमाले.’’

हो म्हणायला काय हरकत होती? तीन आषाढ मी ह्याच्यासाठीच तर जळत होते. प्रवीण होता, भाऊ होते, बोट होती, दोर होते. नाल्यावर माझं काही काम नव्हतं. पाऊसही अंगाला गार लागत नव्हता.

मी म्हणाले, ‘‘टेम्पोत किती माणसं होती?’’

‘‘मले काय मालूम.’’

‘‘लहान मुलं होती का? जॅकेटं पुरली असतील ना? चला, लवकर चला काठाला.’’

सुमनबाईने जाळं तसंच सोडलं. पाटी पाण्यात घातली आणि सारायला लागली. मीही पाय मारत होते, लवकर पोचावं म्हणून.

काठावर येऊन मी ओल्या कपड्यांनीच उभी राहिले. बोट आली तेव्हा दिसलं, सगळे सुखरूप होते. टेम्पोवाला होता, दोन बाया होत्या आणि त्यांची कोंबड्यांची खुराडी होती. गजाननभाऊ चिखलाने माखलेले, पण खुशीत. लांबूनच ओरडले, ‘‘ताई, जमलं का मंग?’’

‘‘जमलं,’’ मी म्हणाले.

त्या रात्री नवऱ्याला म्हटलं, ‘‘गेले होते पाण्यावर.’’ तो म्हणाला, ‘‘वा! म्हणजे आता सोडायला नको.’’ ते बरोबरच होतं. सोडायचं कारण माझ्या हातून गेलं होतं. दुसऱ्या दिवशी पाणी बाभळींना लागल्याचं कळलं.

परवा साहेबांचे गाल फुगले आणि काल प्रवीणचा फोन आला. आवाजातच वारा होता. ‘‘ताई, यंदा ठरवलंच हाय आमी. दर रविवारी पयला पतंग तुमचा. काठावर सुमनबाई राहीन, तिले शिट्टी घेऊन देली. तिनं हौ म्हनलं. तुमी फक्त या आन् पान्यावर जा.’’

बघा, मागितलं ते सगळं मिळालं. मी ‘‘हो, येते’’ म्हणाले. मनापासून म्हणाले. आणि फोन ठेवायच्या आत तोंडातून निघून गेलं, ‘‘पण मी आत असताना फोन आला आणि तुम्ही सगळे गेलात, तर सुमनबाईंच्या जोडीला दुसरं कोण?’’

पलीकडे तो हसला. ‘‘ताई, तुमाले पान्यात जाचंच नाई हाय.’’

त्याने मस्करीत म्हटलं. मला हसू आलं नाही. फोन ठेवून गॅलरीत आले तर खाली चौकात फ्लेक्स फाटत होता, रस्त्यावर धूळ उठली होती, आतून सासऱ्यांनी हाक मारली आणि मी ‘आले’ म्हणून जागीच उभी राहिले. इतके दिवस मी सगळ्यांवर चिडत आले होते. फोनवर, मंडळावर, नवऱ्यावर, कधी कधी तर मनगटावर बांगड्यांचे वळ ठेवून गेलेल्या त्या बाईवरसुद्धा. त्यांतल्या कोणीच मला धरून ठेवलेलं नव्हतं. आता चिडायला कोणी उरलं नाही.